वस्तरा घेताय? लोणावळ्याच्या पावसात कोणत्या धातूचं पातं टिकेल?

दाढीसाठी जुन्या पद्धतीचा वस्तरा मागवण्याची हौस हल्ली पुन्हा दिसते. मुठीपेक्षा पात्याचा धातू बघा. त्यातही तुम्ही मावळात राहत असाल तर आधी हवा बघा. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर घरातल्या भिंतीही ओल धरतात. तळेगावकडे पाऊस बराच कमी, त्यामुळे तिथे काळजी थोडी कमी.

पर्याय मुख्यतः दोन. कार्बन स्टीलच्या पात्यात साधारण १ टक्का कार्बन असतो. ते दगडावर लवकर धार घेतं, चामड्याच्या पट्ट्यावर चार हात मारले की पुन्हा तरतरीत होतं. पण गंज त्याला पटकन धरतो. धार इतकी पातळ असते की डोळ्यांना न दिसणारा गंजही तिला खातो. दाढी ओढल्यासारखी होते, त्वचा सोलवटते.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. त्याचा पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि गंज रोखतो. मात्र वस्तऱ्याच्या स्टेनलेसमध्ये कार्बनही भरपूर लागतो, म्हणून ते अजिबात गंजत नाही असं नाही. धार लावायला वेळही जास्त जातो.

लोणावळा-खंडाळ्यात पहिलाच वस्तरा घेणाऱ्याने स्टेनलेस घ्यावा. कार्बन स्टील हवंच असेल तर दाढी झाल्यावर पातं पूर्ण कोरडं करून शिलाई मशिनच्या तेलाचा हात फिरवायचा. खोबरेल नको, ते काही दिवसांनी चिकट होतं. आणि वस्तरा बाथरूममध्ये ठेवायचा नाही. चामड्याच्या पाकिटातही नाही, चामडं ओल धरून ठेवतं. ‘दमास्कस’ नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त पात्यांवरची नक्षी अनेकदा फक्त वरवरची असते, त्यावर पैसे घालवू नका.

गंजामुळे धनुर्वात होतो, हा समज चुकीचा. त्याचे जिवाणू माती-धुळीत असतात, जखमेतून शिरतात. लस घेतलेली असणं महत्त्वाचं.

सलूनमध्ये मात्र हा प्रश्नच वेगळा आहे. तिथला वस्तरा बहुतेक वेळा नुसती पकड असते, आत अर्धं ब्लेड बसवतात. पकड कोणत्या धातूची आहे यापेक्षा ब्लेड तुमच्यासमोर नवीन फोडलं का, ते बघा. वापरलेल्या पात्यावरच्या रक्तातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो, नुसतं पुसून तो धोका जात नाही. घरातही एकच वस्तरा बाप-लेकाने वापरू नये.