काबा दिसणारी खोली

हॉटेल बुकिंगच्या ॲपवर मक्का शहर टाकून बघा. गोव्यात 'सी व्ह्यू' असतो तसा तिथे 'काबा व्ह्यू' असतो. हॉटेल तेच, पलंग तसाच, पण खिडकीतून काबा दिसणार असेल तर दर वेगळा आणि नुसतं शहर दिसणार असेल तर वेगळा. ॲप कुणालाही उघडता येतं. शहरात मात्र मुसलमान नसलेल्याला प्रवेश नाही.

हजला गेलेला पुरुष न शिवलेली दोन पांढरी वस्त्रं नेसतो. नवाब आणि खलाशी ओळखू येऊ नयेत, अशी ती सोय. पण रात्री पाठ टेकायला कोण कुठे जातो? काब्यापासून किती पावलांवर? या प्रश्नाचा इतिहास आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरून बराच जुना दिसतो.

मुरुडचा जंजिरा पाहायला गेलेल्यांना गाइड कलालबांगडी तोफ दाखवतो आणि किल्ला कधी पडला नाही हे सांगतो. सिद्दीचं एक काम तो बहुधा सांगत नाही. 1670 च्या सुमारास औरंगजेबाने सिद्दीचं आरमार मुघल चाकरीत घेतलं. त्याचा खर्च सुरतेच्या महसुलातून निघे. त्या बदल्यात व्यापारी गलबतांबरोबर हजच्या जहाजांचंही रक्षण करायचं होतं. हे काम किती अवघड होतं, ते 1695 मध्ये दिसलं. यात्रेकरूंना घेऊन परतणारं खुद्द बादशहाचं 'गंज-ए-सवाई' जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटलं. त्या काळी मक्केत कुठे उतरायचं ही पुढची चिंता होती. आधी जिवंत पोचायचं.

आगबोटी आल्यावर मुंबई हे हजचं मोठं बंदर झालं. किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान मुंबई गाठत, मुसाफिरखान्यात पडी टाकत आणि बोटीची वाट बघत. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्यातला प्रसिद्ध. बोटीत बहुतेकांची जागा डेकवर असे. आटा, तांदूळ, डाळ सगळं सोबत न्यायचं. 1886 मध्ये इंग्रज सरकारने यात्रेची व्यवस्था थॉमस कुक कंपनीला दिली. हो, तीच सहलींवाली. हजचं पहिलं 'पॅकेज' म्हणायला हरकत नाही, पण गरीब यात्रेकरूंच्या तिकिटांतून कंपनीला फायदा होईना आणि 1893 मध्ये ते प्रकरण संपलं. पुढे मुघल लाइनच्या बोटी पिढ्यान् पिढ्या हाजींना नेत राहिल्या. समुद्रमार्गे हज 1995 मध्ये थांबला.

बरं, मक्केत पोचल्यावर? तिथे मुतव्विफ भेटे. आपल्याकडचे हाजी त्याला मुअल्लिम म्हणत. एकेका प्रदेशाचे यात्रेकरू एकेका घराण्याकडे वंशपरंपरेने ठरलेले असत. थोडं पंढरपूरच्या बडव्या-उत्पातांसारखं किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांसारखं. हजच्या महिन्यात मक्केतली कुटुंबं आपल्याच घराचे मजले रिकामे करून भाड्याने देत आणि स्वतः गच्चीवर नाहीतर एखाद्या खोलीत आटोपून घेत. वर्षभराची कमाई त्या काही आठवड्यांतच व्हायची, त्यामुळे लुबाडणूकही होती. या घरांच्या आठवणीने फार हळवं व्हायचं कारण नाही. 1865 च्या हजमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसं मेली आणि तिथून ती साथ इजिप्त-युरोपपर्यंत गेली.

पण ज्यांच्याकडे भाड्यालाही पैसे नव्हते, त्यांच्यासाठी आणखी एक व्यवस्था होती. रुबात. म्हणजे धर्मार्थ निवास. भोपाळ, टोंक, अर्काट, हैदराबाद अशा संस्थानांनी मक्केत घरं घेऊन ती वक्फ केली. आपल्या मुलखातल्या हाजीने तिथे फुकट उतरावं, एवढाच हेतू. केरळात कण्णूरच्या केयी या व्यापारी घराण्याचीही अशीच रुबात होती. ती 1971 मध्ये मशिदीच्या विस्तारात पाडली गेली. भरपाईची रक्कम सौदी खजिन्यात पडून राहिली आणि वारसांचा वाद अनेक दशकं चालला.

विस्ताराला पैसा तेलाने दिला. तेल सापडलं 1938 मध्ये. त्याआधी सौदी राज्याच्या उत्पन्नात हाजींकडून मिळणारा पैसा ही मोठी बाब होती. तो पैसा भारतीय रुपयांतही येई. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी 10 आणि 100 रुपयांच्या खास नोटाच छापल्या होत्या. 1970 च्या दशकात प्रवाह उलटा फिरला. तेलाच्या पैशाने आखातात बांधकामं उभी राहू लागली आणि म्हसळा, श्रीवर्धन, मुरुडच्या घराघरांतून माणसं तिकडे कामाला गेली. गावात स्लॅबची घरं उठली ती त्या पगारांतून.

मक्केत काब्याजवळच्या टेकडीवर अठराव्या शतकातला अजयाद हा तुर्की किल्ला होता. 2002 च्या जानेवारीत तो पाडला. तुर्कस्तानने जोरदार निषेध केला. किल्ला गेला, टेकडीही कापली आणि तिथे अबराज अल-बैत हे मनोऱ्यांचं संकुल उभं राहिलं. मधला घड्याळाचा मनोरा 601 मीटर उंच आहे. काब्याची उंची साधारण 13 मीटर, तर त्या घड्याळाच्या एका तबकडीचा व्यास 43 मीटर. मनोऱ्यातल्या पंचतारांकित हॉटेलात खोलीत बसून हरममधली नमाज थेट ऐकता येते.

मला खटकतं ते वेगळंच. कायद्याने हा प्रकल्पही वक्फच आहे, राजा अब्दुलअझीझ यांच्या नावाचा. उत्पन्न हरमच्या देखभालीसाठी. म्हणजे शब्द तोच राहिला. एके काळी वक्फ म्हणजे गरीब हाजीला फुकट मिळणारी पथारी होती; आता वक्फ म्हणजे श्रीमंत पाहुण्याच्या बिलातून मशिदीला मिळणारं उत्पन्न. हिशेबाने यात चूक काढता येणार नाही. गर्दी लाखोंची आहे, लिफ्ट, पाणी, गार हवा लागतेच. वयस्क माणसाला मशिदीच्या दाराशी खोली मिळणं ही चैन नाही, गरज आहे. फक्त ती खोली गरजेप्रमाणे मिळत नाही, पैशाप्रमाणे मिळते.

या सगळ्यात बदललेली एक गोष्ट मनापासून चांगली. 2019 च्या ऑक्टोबरपासून सौदी अरेबियात बाईला स्वतःच्या ओळखपत्रावर, पुरुष सोबत नसताना, हॉटेलात खोली घेता येते. एवढ्या चकचकीत लॉबींमधून तोवर हे होत नव्हतं.

हज कमिटीमार्फत जाणारा कोकणातला सामान्य हाजी बहुधा अझीझिया भागात उतरतो, हरमपासून काही किलोमीटरवर, बसच्या अंतरावर. वर्षानुवर्षं तिथलं मोठं आकर्षण होतं ते म्हणजे खोलीवर भात रांधायची मुभा.

निजामाची रुबात मात्र अजून चालू आहे. जुन्या इमारतींपैकी बऱ्याच विस्तारात गेल्या. उरलेल्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकतात. हैदराबाद संस्थानात असलेल्या जिल्ह्यांतले यात्रेकरू त्यासाठी पात्र, त्यामुळे बीड-नांदेडच्या हाजीचं नाव निघालं तर त्याला मक्केत फुकट जागा मिळते. श्रीवर्धन-म्हसळा जंजिरा संस्थानात होतं. तिथल्या हाजीची चिठ्ठी त्या डब्यात पडत नाही.