मापात पाप होऊ नये म्हणून: लेसरने काढलेल्या मूलद्रव्यांच्या नकाशांचा इतिहास

१/
बेल्जियममधील स्क्लादिना गुहेत सापडलेल्या एका निअँडरथल बालकाच्या दातावरून २०१३ साली संशोधकांनी त्याच्या स्तनपानाचा क्रम मांडला: सुमारे सात महिने केवळ आईचे दूध, पुढचे सात महिने दुधासोबत इतर अन्न आणि मग दूध एकाएकी बंद. साक्षीदार होते दाताच्या थरांतील बेरियम. मात्र ही साक्ष ग्राह्य ठरण्यामागे मापनाचा एक वेगळाच इतिहास आहे.

२/
या तंत्राची तीन मुळे. अ‍ॅस्टनचे १९१९ चे उपकरण अणूंना वस्तुमानानुसार वेगळे करी. १९६० मध्ये मेमनने पहिला लेसर प्रज्वलित केला. १९८० मध्ये हाउक, फॅसल आणि सहकाऱ्यांनी आरगॉन वायूचा तप्त प्लाझ्मा मास स्पेक्ट्रोमीटरला जोडला. १९८५ मध्ये अ‍ॅलन ग्रे यांनी त्याला लेसरची जोड दिली आणि घन नमुना न विरघळवता तपासणे शक्य झाले.

३/
कृती अशी: लेसरचा प्रत्येक झोत नमुन्यावरून सूक्ष्म ठिपक्याएवढे द्रव्य उडवतो. वायूचा प्रवाह ते कण प्लाझ्मात नेतो, तेथे त्यांचे आयन होतात आणि उपकरण ते मोजते. ओळीमागून ओळ अशी वाटचाल झाली की ठिपक्याठिपक्यांतून लोह, तांबे, जस्त यांचा नकाशा उभा राहतो.

४/
अडचण येथूनच सुरू होते. उपकरण सांगते ती आयनांची संख्या. ऊतीच्या एका ग्रॅममध्ये किती तांबे आहे, हे ते सांगत नाही. प्रत्येक मूलद्रव्याला मिळणारा प्रतिसाद निराळा, आणि सकाळी असलेली संवेदनशीलता संध्याकाळी टिकेलच असे नाही. संख्येचे मात्रेत रूपांतर करणारी प्रक्रिया म्हणजे अंशांकन, प्रचलित शब्दांत कॅलिब्रेशन.

५/
त्याचे तत्त्व जुनेच आहे. सोनार कसोटीच्या दगडावर दागिना घासतो, शेजारी ज्ञात कसाच्या सोन्याची रेघ ओढतो आणि दोन्ही ताडून पाहतो. अट एकच: शेजारची रेघही सोन्याचीच हवी.

६/
भूवैज्ञानिकांजवळ अशी ‘रेघ’ होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ज्ञात मात्रेची सूक्ष्म मूलद्रव्ये मिसळून काचेचे प्रमाणित नमुने केले होते. खडकांसाठी ते उपयोगी ठरले. मेंदूची ऊती मात्र मऊ आणि कार्बनयुक्त. तोच झोत काचेतून जेवढे द्रव्य उडवतो तेवढेच ऊतीतून उडवत नाही. काचेच्या मापाने मेंदू मोजणे म्हणजे मापात पाप.

७/
दाताच्या बाबतीत ही अडचण सौम्य होते. दातात कॅल्शियम मुबलक आणि बऱ्याच अंशी एकसारखे असते. म्हणून बेरियमची नुसती संख्या न पाहता त्याचे कॅल्शियमशी असलेले गुणोत्तर पाहिले जाते. द्रव्य कमी-अधिक उडाले तरी गुणोत्तर सहसा ढळत नाही. मेंदूत असा भरवशाचा सोबती नाही.

८/
जर्मनीतील यूलिश येथे सबीने बेकर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मानवी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागाचे २० मायक्रोमीटर जाडीचे काप तपासून तांबे, जस्त, युरेनियम व थोरियम यांचे मात्रांसह नकाशे प्रसिद्ध केले. त्यांनी ऊतीशी साधर्म्य असलेले प्रमाण नमुने वापरले. असे नमुने करताना ऊतीचा एकजीव लगदा करून त्यात धातूंची ज्ञात मात्रा मिसळतात, तो गोठवतात आणि मूळ नमुन्याइतकेच पातळ काप घेतात. लगद्याचा काही भाग आम्लात विरघळवून त्यातील मात्रा स्वतंत्रपणे पडताळली जाते.

९/
सोबत्याचा शोधही चालूच राहिला. ऊतीत सर्वत्र असणारा कार्बन सोयीचा वाटे. परंतु झ्युरिकच्या फ्रिक आणि ग्युंथर यांनी २०१२ मध्ये दाखवले की झोताखाली कार्बनचा काही अंश वायुरूप होतो. धातू कणरूपानेच जातात. दोघांचा प्रवास एक नसेल, तर एकावरून दुसऱ्याचा अंदाज फसतो. २०१३ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी डोळ्याच्या ऊतीवर सोन्याचा अतिपातळ थर चढवला आणि त्याच्या संकेतावरून उपकरणाचे चढउतार दुरुस्त केले.

१०/
हा काटेकोरपणा केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. विल्सन रोगात यकृतात तांबे साचते. वाळलेल्या यकृत-ऊतीच्या दर ग्रॅममागे २५० मायक्रोग्रॅमहून अधिक तांबे हा निदानाचा एक प्रस्थापित निकष आहे. नकाशातील लाल रंग तांबे कोठे जास्त आहे एवढेच सांगतो. रुग्ण या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे अंशांकनाशिवाय ठरत नाही.

११/
मऊ ऊतींसाठी बहुतेक प्रयोगशाळा आजही आपापले प्रमाण नमुने घडवतात: कुठे लगद्याचे, कुठे जिलेटिनचे. जिलेटिन हाताळायला सोपे, पण वाळताना त्यातील धातू कडेला सरकू शकतात. त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे नकाशे शेजारी ठेवताना पहिला प्रश्न रंगांचा नसतो. प्रत्येकीने शेजारी कोणती रेघ ओढली होती, हा असतो.