मुष्टियुद्धातील अंतिम फेरीचा वेळवाद
व्यावसायिक मुष्टियुद्धात पुरुषांची फेरी 3 मिनिटांची असून तिची मोजणी रिंगणाबाहेर बसलेला वेळाधिकारी करतो, तर लढत थांबवण्याचा अधिकार रिंगणातील पंचाकडे असतो. अंतिम फेरीतील वाद बहुधा या विभागणीतून उद्भवतात. सर्वांत गाजलेला वाद 17 मार्च 1990 रोजी लास वेगास येथे झालेल्या हूलिओ सेझार चावेझ व मेल्ड्रिक टेलर यांच्या लढतीतील होय. तीनपैकी दोन गुणाधिकाऱ्यांच्या गुणपत्रकांवर पुढे असलेला टेलर बाराव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत खाली कोसळला आणि उठून उभा राहिला. तथापि पंच रिचर्ड स्टील यांच्या प्रश्नाला त्याने प्रतिसाद न दिल्याने अवघे 2 सेकंद उरले असताना त्यांनी लढत थांबवली व चावेझ तांत्रिक बाद पद्धतीने विजयी ठरला. उरलेला वेळ पाहणे हे पंचाचे काम नव्हे, ही स्टील यांची भूमिका नियमाला धरून होती, परंतु टीकाकारांना ती आजही पटलेली नाही. याउलट, खानदेशासह महाराष्ट्रात जत्रांच्या आखाड्यांतील निकाली कुस्ती, म्हणजे एक मल्ल चितपट होईपर्यंत चालणारी कुस्ती, घड्याळावर अवलंबून नसल्याने तेथे असा वाद सहसा संभवत नाही. गादीवरील कुस्तीत मात्र 3 मिनिटांच्या दोन फेऱ्या असल्याने अखेरचे सेकंद तेथेही निर्णायक ठरतात.