चाळीस हिस्से आणि एक पेटी

मामूंच्या इंतकालानंतर दीड महिन्याने मिरजेला गेलो, तेव्हा परसातली शेड मोकळी झाली होती. गाडी एका शौकिनाने चांगल्या किमतीला नेली होती. हत्यारांचे विचारले, तर मुमानी म्हणाल्या, "ती वजनावर गेली, बेटा. घरात कुणाला कळणार त्यातलं?"

मामू कचेरीत कारकून होते. गाडीची दुरुस्ती हा त्यांचा धंदा नव्हता, शौक होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेने वापरलेली बीएसए एम २० त्यांनी पन्नास वर्षे चालती ठेवली. त्यासाठी जमवलेल्या पान्यांमध्ये एक मोठा इतिहास होता.

१८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडात बोल्टच्या आट्यांचे एक माप सुचवले. आट्यांचा कोन ५५ अंश. पुढे ते माप साम्राज्यभर पसरले आणि आपल्या रेल्वेच्या कारखान्यांतही आले. त्या पान्यांची गंमत अशी की, १/४ लिहिलेल्या पान्याचे तोंड पाव इंचाचे नसते. तो आकडा बोल्टच्या दांड्याच्या जाडीचा असतो. तोंड भरते सुमारे १३.३ मिलिमीटर. म्हणजे आजचा १३ चा पाना त्यावर बसत नाही आणि १४ चा सैल पडून कोपरे झिजवतो. १९५६ मध्ये भारताने मेट्रिक मापांचा कायदा केला. हळूहळू जुने पाने दुकानांतून गेले आणि मामूंसारख्यांच्या पेटीत उरले. भंगारवाल्याच्या काट्यावर मात दोन्ही लोखंडच.

याच मिरजेत हत्यारांची दुसरीही कहाणी आहे. आपले सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. इंग्रजी अंमलात ते काम आटले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. धंदा बदलला, पण हत्याराला वारस मिळत राहिला, कारण मुलगा बापाशेजारी बसून शिकत होता. शौकाच्या हत्याराला असा वारस नसतो. मामूंचे दोन्ही मुलगे पुण्यात नोकरी करतात, मुलगी सासरी.

शरीयतचा हिशेब चोख आहे. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत, आणि उरलेला तरका वारसांना. मुमानींचा आठवा हिस्सा. बाकीत मुलीच्या दुप्पट प्रत्येक मुलाचा. चाळीस हिस्से केले तर मुमानींना ५, मुलांना १४-१४, मुलीला ७. पैशांची वाटणी अशी होते. पण पान्यांचा संच फोडला की तो संचच राहत नाही. म्हणून घरच्यांनी विकून पैसे वाटले. त्यांनी कुणाचा हक्क मारला नाही. मी त्यांना दोष कसा देऊ?

दोष असलाच तर तो राहून गेलेल्या एका कागदाचा. वसियत तिसऱ्या हिश्शापर्यंत करता येते, आणि ती वारस नसलेल्यासाठीच असते. गल्लीत गॅरेजवर काम करणारा एक पोरगा दर शुक्रवारी नमाजनंतर मामूंकडे बसायचा. कोणता पाना कुठे लागतो, हे त्याला ठाऊक होते. क्लचची चकती ओढून काढायला मामूंनी स्वतः घडवलेला पुलर तर त्याच्याशिवाय कुणी ओळखलाही नसता. "हे त्याला द्या" एवढे एक वाक्य पुरले असते. मामू तोंडी म्हणालेही असतील. पण लिहून ठेवले नाही, आणि त्या पोराने संकोचाने मागितले नाही.

मी त्याला घेऊन भंगारवाल्याकडे गेलो. ढिगात चार पाने सापडले, पैसे देऊन सोडवले. पुलर वितळायला गेला होता.

आपल्या घरात शिलाईची कात्री, हकीमाचा खल, कातिबाचे बोरू असतील. ज्याला त्यांचा उपयोग माहीत आहे, त्याचे नाव आजच चिठ्ठीवर लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि चिठ्ठी त्या पेटीतच ठेवा. वारसांना हिस्सा मिळेलच. हत्यारालाही हात मिळायला हवा.