डॉक्टरांचा हात शिकतो कुठे?

पोट दुखतंय म्हणून तुम्ही आमच्या विश्रांतवाडीच्या दवाखान्यात येता. मी तुम्हाला टेबलावर झोपवतो, गुडघे दुमडायला सांगतो आणि म्हणतो, "आता मोठा श्वास घ्या." श्वासाबरोबर यकृत खाली सरकते. ते वाढलेले असेल तर त्याची कड माझ्या बोटांना लागते. ही कड ओळखायला बोटांना खूप सराव लागतो. मग तोवर ती बोटे कोणाच्या पोटावर शिकतात?

प्रश्न जुना आहे. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या रोगी तपासण्याच्या तीन रीती आयुर्वेदाने सांगितल्या. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय तर सरावावरच आहे. कापणे शिकायचे ते भोपळा, कलिंगड, काकडी यांवर आणि पट्टी बांधणे शिकायचे ते पुतळ्यावर. आधी वस्तूवर हात बसवायचा, मग माणसाला लावायचा.

फ्रान्समध्ये १७५९ साली राजा पंधराव्या लुईने मादाम द्यु कूद्रे या सुईणीला गावोगावी शिकवायला पाठवले. कापड, चामडे आणि कापूस वापरून तिने बाळंतिणीचे धड आणि बाळ तयार केले होते. बाळ आडवे आहे की पायाळू, हे खेड्यातल्या बायका त्यावर हाताने ओळखायला शिकल्या. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेत गाठी बसवलेले सिलिकॉनचे स्तन आले.

तरी एक अडचण उरलीच. विद्यार्थ्याच्या बोटांना आत काय लागतेय, हे शिक्षकाला कळत नाही. "लागलं का?" असे विचारले की विद्यार्थी "हो सर" म्हणतो. खरे-खोटे त्यालाच ठाऊक!

इथे हॅप्टिक तंत्र उपयोगी पडते. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी 'फँटम' हे यंत्र बनवले. त्याच्या टोपणात बोट घालायचे. बोट हलले की संगणक सेकंदाला सुमारे हजार वेळा हिशेब करतो आणि मोटारी बोटाला उलटा रेटा देतात. रेटा कमी असेल तर मऊ लागते, जास्त असेल तर कठीण. ब्रिटनमध्ये सारा बेली यांनी याच यंत्रावर 'हॅप्टिक गाय' तयार केली. विद्यार्थी गाईचे गर्भाशय चाचपतो, तेव्हा त्याचे बोट नेमके कुठे आहे ते शिक्षकाला पडद्यावर दिसते.

आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सरकारी रुग्णालयातली खाट हीच शाळा होती. मी विद्यार्थी असताना वॉर्डात एक आजी होत्या. त्यांची प्लीहा वाढलेली होती, म्हणून आम्ही सगळे रांगेने त्यांचे पोट दाबत होतो. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले होते. मी तरीही दाबले. "आजी, तपासू का?" असे एकानेही विचारले नव्हते.

२०१९ साली एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला आणि पुतळ्यांवर सरावासाठी 'स्किल लॅब' आवश्यक झाली. हे चांगलेच झाले. पण यंत्र बोटांना रेटा शिकवते, परवानगी मागायला शिकवत नाही.

म्हणून एक लक्षात ठेवा. शिकाऊ डॉक्टर तपासायला आले, तर त्यांनी आधी विचारायला हवे. तुम्ही "हो" म्हणालात तर त्यांचे शिक्षण होते. दुखत असेल, थकला असाल, तर "आत्ता नको" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.