मावशीच्या फळीवरचा डबा

गेल्या महिन्यात बऱ्याच दिवसांनी जवळा बाजारला मावशीकडे जाऊन आलो. स्वयंपाकघरात फळीवर, ज्वारीच्या पिठाच्या डब्याशेजारी, एक चकचकीत मोठा डबा दिसला. त्यावर जीवनसत्त्वं आणि खनिजांची ही लांबलचक यादी! मावसभावाने आणलेला.

"पायाला मुंग्या येतेत रे, म्हणून आणलं त्यानं," मावशी म्हणाली. "चवथा डबा चालू हाय आता."

मावशी माळकरी. म्हैस विकल्यापासून दूधही चहापुरतंच. परतीच्या एसटीत एकच प्रश्न डोक्यात घोळत होता. असले डबे माणसाला खरंच लागतात का? घरी येऊन थोडं वाचलं, तर उत्तर 'हो' आणि 'नाही' दोन्ही निघालं.

आधी आपल्याच ज्वारीची गोष्ट. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पूर्वी पेलाग्रा नावाचा आजार आढळायचा. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडायची, हगवण लागायची, पुढे डोकंही काम देईना. कारण नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता. १९६० साली हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीतल्या ल्युसिनकडे बोट दाखवलं. ल्युसिनबद्दलचं त्यांचं मत पुढे वादात राहिलं, पण नायसिन दिलं की रोगी बरा होतो यात वाद नव्हता. आणि गंमत म्हणजे हा आजार जवळपास दिसेनासा झाला तो घरोघरी गोळ्या वाटून नव्हे, तर ताटात इतर धान्यं आणि पदार्थ आले म्हणून. बिचाऱ्या भाकरीचा दोष नव्हता. भाकरीशेजारी डाळ, शेंगदाणे, दूध नव्हतं, हा दोष होता.

दुसरी गोष्ट मुंबईची. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पांडुरोग व्हायचा, त्याचा छडा लावायला. जंतू शोधून झाले, ते सापडले नाहीत. मग तिने या बायका खातात काय ते पाहायला सुरुवात केली. ज्यांच्या जेवणात भाज्या आणि फळं नावालाच, त्यांना हा आजार जास्त. शेवटी मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट, हे १९४० च्या दशकात स्पष्ट झालं. आज गरोदर बायकांना लोह-फोलिकच्या गोळ्या देतात, त्यातल्या फोलिकची मुळं परळ-लालबागच्या त्या गिरणगावात आहेत. या गोळ्या नकोत असं कोण म्हणेल?

पण जिथे उणीव नाही तिथे काय? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. गाजरातलं बीटा-कॅरोटिन गोळीतून दिलं तर कर्करोग टळेल, अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला तो उलटाच! ती गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. म्हणजे 'फायदा नाही तर नाही, तोटा तर नाही ना' हे आपलं लाडकं वाक्यही दर वेळी खरं नसतं.

मला यातून समजलं ते एवढंच. पूरक द्रव्य म्हणजे भोकाला लावायचं ठिगळ. भोक कुठे आहे ते आधी बघायला हवं. ल्युसीबाईने नेमकं तेच केलं. आम्ही मावशीच्या बाबतीत ते केलंच नव्हतं.

तिला हिंगोलीला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. बी-१२ फारच कमी! हे जीवनसत्त्व निसर्गतः दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं. डब्यात ते होतं, पण तिच्या तुटवड्याला पुरेल एवढं नव्हतं. शिवाय डब्यात फोलिकही होतं. फोलिकने रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी-१२ ची उणीव झाकली जाते आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. आता इंजेक्शनं सुरू आहेत. मुंग्या किती कमी होतील, ते काही महिन्यांनी कळेल असं डॉक्टर म्हणाले. चार डब्यांचे चार महिने मात्र गेले ते गेलेच.

मावसभावाला मी काही बोललो नाही. त्याने प्रेमानेच आणला होता. आणि मी तरी वर्षभरात कितीदा गेलो होतो तिच्याकडे?

असो. नातेवाईक मंडळी, वाचताय ना? घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी डबा घेण्याआधी एकदा त्यांच्या ताटात काय असतं ते बघा, आणि रक्त तपासून घ्या. मावशीच्या रिकाम्या डब्यात आता हळद आहे. डबा चांगला आहे म्हणते.