फटफटीची वंशावळ

आपल्या परभणीत मोटारसायकलला सर्रास फटफटी म्हणायचे, त्या काळात फटफटी म्हणजे राजदूत, जावा नाहीतर बुलेट. दुधाच्या कॅनपासून खताच्या पोत्यापर्यंत राजदूत काहीही वाहायची. त्याच राजदूतच्या नावाने एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ साली एक वेगळंच जनावर रस्त्यावर आणलं, राजदूत ३५०. मूळची ती जपानची यामाहा आरडी ३५०. तिचं घराणं थेट शर्यतीच्या मैदानातलं. सोसायटीतल्या तरुण मंडळींना ते माहीत असावं, म्हणून हा लेख.

टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. हिशेबाने ताकद दुप्पट हवी. पण पेट्रोल-हवेचं बरंच मिश्रण न जळताच सायलेन्सरवाटे निघून जाई. या गळतीला आवर घातला पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतल्या वाल्टर काडेन यांनी. त्यांनी धुराची नळी मध्ये फुगीर आणि शेवटी निमुळती केली. स्फोटाची दाबलाट त्या निमुळत्या भागावरून उलटते आणि निसटलेलं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ साली त्यांचं १२५ सीसीचं इंजिन २५ अश्वशक्ती देऊ लागलं. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीनंतर पळाला आणि ही विद्या जपानच्या सुझुकीकडे पोचली. १९६२ मध्ये सुझुकीवर तो ५० सीसीचा जगज्जेता झाला. १९६४ मध्ये फिल रीडने यामाहाला २५० सीसीचं अजिंक्यपद मिळवून दिलं.

या अनुभवातून १९७३ साली आरडी ३५० आली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गियर, ३९ अश्वशक्ती. मिश्रण कार्बोरेटरकडे उलटं जाऊ नये म्हणून रीड व्हॉल्व्ह, आणि पुढे डिस्क ब्रेक. आपल्याकडे येताना ताकद आधी ३०.५ आणि पुढे २७ अश्वशक्तीवर आणली. डिस्कच्या जागी ड्रम ब्रेक आला. वेग मात्र पुष्कळ उरला. 'आरडी'चा अर्थ पोरं 'रॅपिड डेथ' असा लावायची, तो उगीच नाही.

बँकेत आम्ही कर्जदाराचा पगार बघायचो, कर्जदार बघायचा ॲव्हरेज! लिटरला तीससुद्धा न देणारी गाडी नोकरदाराला परवडणार कशी? १९९० च्या सुमारास ती बंद झाली. खरी लोकप्रिय झाली ती १९८५ ची आरएक्स १००. अवघी ९८ सीसी, पण ११ अश्वशक्ती, वजनाला हलकी आणि पिकअप असा की विचारू नका. पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणाऱ्या टू-स्ट्रोकला प्रदूषणाचे नियम जड गेले. १९९६ मध्ये तीही थांबली.

या इतिहासातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. वेग आपल्याकडे आधी आला, ब्रेक फार उशिरा. १२५ सीसीपेक्षा मोठ्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं व्हायला २०१९ उजाडलं. आज आपल्या पार्किंगमधल्या गाड्या पूर्वीपेक्षा चांगल्या थांबतात. पण जिंतूर रोडवर अंधारात समोर उसाची ट्रॉली आली, तर वेग किती ठेवायचा हे चालवणाऱ्यालाच ठरवावं लागतं. तेव्हा पोरांनो, हौस जरूर करा, डोक्यावर हेल्मेट ठेवा, आणि सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत पुढचा लेख तुम्ही लिहा.